बातमीचा धनी कोण?

आज ६ जानेवारी. १८३२ साली याच तारखेस बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण'चा पहिला अंक काढला, म्हणून महाराष्ट्रात हा दिवस पत्रकारदिन म्हणून पाळला जातो. आज ठिकठिकाणी हारतुरे होतील, भाषणे होतील, आणि लोकशाहीचा चौथा स्तंभ भक्कम आहे की डळमळीत झाला आहे याविषयी ज्या त्या वक्त्याच्या प्रकृतीप्रमाणे मते ऐकू येतील. आम्ही या प्रसंगी स्तंभाविषयी काही लिहू इच्छीत नाही. ज्या एका लहानशा शब्दावर आमचा सारा व्यवहार उभा आहे, त्या 'बातमी' या शब्दाची थोडी विचारपूस करावी, एवढाच आजचा हेतू आहे. शब्दांची विचारपूस हा आमचा शाळामास्तरकीतला जुना नाद. वाचक तो गोड मानून घेतील. परंतु ही विचारपूस केवळ हौसेची नव्हे. एखादा शब्द कोणाच्या तोंडी कोणत्या अर्थाने वावरतो, यावरून त्या शब्दामागचा व्यवहार कोणाच्या हाती आहे हे पुष्कळदा कळून येते.

वर्गात मराठी शिकवीत असताना 'बातमीदार' म्हणजे कोण, असे आम्ही मुलांस विचारीत असू. 'वर्तमानपत्रात बातम्या देणारा' हे उत्तर बहुतेकांकडून येई. एके वर्षी मागच्या बाकावरील एका मुलाने, ज्याचे वडील फौजदार होते, हात वर करून सांगितले की, 'पोलिसांना गुपचूप माहिती देतो तो.' वर्ग हसला. वस्तुतः तो मुलगा शब्दाच्या मुळाशी इतरांपेक्षा अधिक जवळ होता. आजही आपल्या राज्यातील पोलीस ठाण्यांतून निघणारा कागद पाहावा. 'गुप्त बातमीदारामार्फत खात्रीशीर बातमी मिळाल्यावरून' हे शब्द त्यात ठरल्यासारखे असतात. मग दोन पंच बोलाविले जातात, सापळा लागतो, आणि बातमीत नमूद केलेला इसम हाती लागतो. या वाक्यातील बातमी ही जगासाठी नाही. ती एका माणसाने एका अधिकाऱ्याच्या कानात सांगितलेली आहे, आणि ती सर्वांस कळली तर तिचा उपयोगच संपतो. छापखाना येण्यापूर्वी बातमी या शब्दाचा चालता अर्थ बव्हंशी हाच होता.

सभासदाच्या बखरीत सुरतेची हकीकत आहे. सुरत मारिली असता अगणित द्रव्य हाती लागेल, ही बातमी बहिर्जी नाईकाने शिवाजी महाराजांस आणून दिली, आणि १६६४ च्या जानेवारीत मराठ्यांची फौज सुरतेवर गेली. ही बातमी सुरतेच्या सुभेदारास कळली असती तर ती बातमी राहिली नसती. महाराजांच्या अष्टप्रधानांत मंत्र्यास वाकनीस म्हणत. 'वाका' म्हणजे घडलेली गोष्ट. ती टिपून ठेवणे आणि राजाच्या भोवती काय चालले आहे यावर नजर ठेवणे, हे त्याचे काम. मोगलांच्या दरबारात 'अखबार' लिहिले जात. खबर या शब्दाचे ते अरबी अनेकवचन. पेशवाईत निजामाचे अखबारनवीस पुण्यात बसून शनिवारवाड्यात कोण आले, कोण गेले, कोणास वस्त्रे मिळाली, हे फारसीत लिहून हैदराबादेस धाडीत. पुण्याच्या रहिवाशांस त्यांतील एक ओळही वाचावयास मिळत नव्हती. त्यांच्याविषयी लिहिलेले, पण त्यांच्यासाठी नव्हे, असे ते लिखाण होते. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी जो प्रलय झाला त्याची वार्ता नानासाहेब पेशव्यांस प्रथम कळली ती एका सावकारी पत्रावरून, आणि तीही मोती, मोहरा व खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेत. ज्यांचे पुत्र आणि पती पानिपतावर पडले होते त्या घरांस दारी येणाऱ्या माणसांच्या तोंडूनच काय ते कळावयाचे. बातमी दरबाराची होती, फार तर पेढीची होती. रयतेच्या वाट्यास येत असे ती अफवा. आणि अफवा म्हणजे मूळ अरबीत 'तोंडे'. त्या शब्दाकडे आम्हांस पुढे पुन्हा यावयाचे आहे.

मात्र या जुन्या बातमीस एक शिस्त होती, ती विसरून चालणार नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात हेरांचे जे प्रकरण लिहिले आहे त्यात एक नियम सांगितला आहे. एकमेकांस न ओळखणाऱ्या तीन हेरांचे म्हणणे जुळले तर ते खरे मानावे. आणि ज्यांचे म्हणणे वारंवार जुळत नाही त्यांस गुपचूप शासन करावे वा कामावरून दूर करावे. आजच्या वृत्तसंपादकास हा नियम ऐकवला तर तो मान डोलवील, शासनाचा भाग सोडून. सांगावयाचे असे की, बातमीचा जो धनी होता त्याला ती खरी असण्याची गरज होती. खोट्या बातमीवर विसंबून फौज हलविली तर राज्य जाणार होते त्याचेच. म्हणून तो ताळा घेई, आणि ताळा घेण्याची साधने त्याच्यापाशी होती.

(येथे थोडे विषयांतर. त्याच अर्थशास्त्रात 'वार्ता' ही एक विद्या म्हणून सांगितली आहे, आणि तिचा अर्थ शेती, पशुपालन व व्यापार असा आहे. आजच्या वार्ताहरास शेतीमालाचे भाव ठाऊक असावेत अशी अपेक्षा शब्दाच्या जन्मापासूनच आहे म्हणावयाची! तसाच 'खबरदार' हा शब्द. ज्याच्यापाशी खबर आहे तो खबरदार, म्हणजे जागा, सावध. आज तो केवळ दरडावण्याच्या कामी उरला आहे.)

छापखान्याने या व्यवहाराचा धनीच पालटला. १८२८ साली मुंबईत 'मुंबापूर वर्तमान' नावाचे पत्र निघाल्याचा उल्लेख सापडतो; नंतर 'दर्पण' आले. विशीतल्या बाळशास्त्र्यांनी त्यात एका रकान्यात इंग्रजी व शेजारच्या रकान्यात मराठी छापले. राज्यकर्त्यास रयतेचे म्हणणे कळावे आणि रयतेस राज्यकर्त्याची भाषा व विद्या कळावी, असा तो दुहेरी हेतू होता. पुढे भाऊ महाजनांचे 'प्रभाकर', मग पुण्याचे 'ज्ञानप्रकाश' अशी पत्रे निघत गेली. या पत्रांचे ग्राहक थोडे होते, परंतु तत्त्वतः एक मोठी गोष्ट घडली होती. जे पूर्वी एकाच्या कानात सांगितले जाई, ते आता जो कोणी अंक विकत घेईल किंवा शेजाऱ्याकडून मागून आणील, त्या कोणासही वाचता येऊ लागले. बातमीदार हा शब्द तोच राहिला, पण तो दिवाणाचा चाकर न राहता वाचकाचा झाला.

वाचक हा धनी खरा. परंतु त्याच्यापाशी तीन हेर नव्हते. दूरच्या संस्थानात काय घडले याचा ताळा पुण्यातील कारकुनाने कसा घ्यावा? तेव्हा ताळा घेण्याचे काम त्याच्या वतीने पत्राने करावयाचे, आणि चूक झाली तर जाबही पत्राने द्यावयाचा, असा एक अलिखित करार झाला. हा करार किती जड होता हे 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांस जन्मानंतर वर्षभरातच कळून आले. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे हे तरुण छत्रपतींच्या जिवावर उठले आहेत, असा आरोप या पत्रांनी केला, तो काही पत्रांच्या आधारे. ती पत्रे खटल्यात बनावट ठरली. आगरकर आणि टिळक यांनी ती खरी समजून छापली होती. बनावट आहेत हे ध्यानी येताच त्यांनी माफीही मागितली. तरी १८८२ च्या जुलैत दोघांस चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि सूट मिळून १०१ दिवस ते डोंगरीच्या तुरुंगात राहिले. या प्रकरणाची आठवण सहसा देशभक्तीचा पहिला तुरुंगवास म्हणून केली जाते, आणि ती तशी आहेही. परंतु आमच्या धंद्याच्या दृष्टीने पाहता त्यातील खरा धडा निराळा आहे. चुकीची बातमी छापली गेली, तेव्हा ती कोणी छापली हे शोधावे लागले नाही. अंकावर नावे होती, पत्ता होता, आणि त्या नावांची माणसे न्यायालयात उभी राहिली.

पुढच्या शतकात बातमीचे माहात्म्य वाढले. जुनी मराठी पत्रे ही मुख्यतः मतपत्रे होती. वाचक अग्रलेखासाठी अंक घेई, आणि बातमी ही त्या अग्रलेखाची पायरी असे. ना. भि. परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात 'सकाळ' सुरू करून हा क्रम उलटविला. गावोगावच्या बातमीदारांनी पाठविलेल्या चार-चार ओळी, बाजारभाव, पाऊसपाणी, नगरपालिकेतील भानगडी यांस त्यांनी मानाची जागा दिली. आमच्यासारख्या अग्रलेखकांस हे मान्य करणे थोडे जड जाते. परंतु बातमी हा शब्द सामान्य मराठी घरात रोजच्या चहाइतका रुळला तो अग्रलेखांमुळे नव्हे, या चार ओळींमुळे.

१९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली आणि काही काळ जुने दिवस परत आले. काय छापावे हे सेन्सॉर ठरवू लागला. छापलेली बातमी सरकारची झाली, आणि लोकांची बातमी पुन्हा तोंडातोंडी फिरू लागली. 'अफवांवर विश्वास ठेवू नका' असे सरकार सांगत असता, अफवेतच सत्य शोधण्याची सवय लोकांस त्या एकवीस महिन्यांत लागली. बातमीवरचा विश्वास असा गेला की तो केवळ निर्बंध उठल्याने भरून येत नाही.

तथापि तो घाव बाहेरून झाला होता. पुढचा घाव आतून झाला. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत, परस्परांची स्पर्धक म्हणविणाऱ्या दैनिकांत एकाच नेत्याची स्तुती करणारा शब्दशः सारखा मजकूर बातमी म्हणून आला, हे पी. साईनाथ यांनी 'हिंदू' या दैनिकातून उघडकीस आणले. उमेदवारांस 'पॅकेजे' विकली जात होती. अमुक रकमेस इतक्या बातम्या, इतकी छायाचित्रे, आणि रक्कम न देणाऱ्याच्या वाट्यास मौन. प्रेस कौन्सिलने दोघा सदस्यांची उपसमिती नेमली. परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी २०१० साली ७१ पानांचा अहवाल दिला, नावानिशी दिला. कौन्सिलने मात्र स्वतःचा आखूड अहवाल प्रसिद्ध केला. मूळ अहवाल लोकांसमोर आला तो २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर. वृत्तपत्रांविषयीची बातमी वृत्तपत्रांच्या न्यासपीठानेच गुप्त ठेवावी, यापेक्षा शब्दाची अधिक विटंबना आम्हांस कल्पिता येत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात निवडणूक आयोगाने उत्तर प्रदेशातील एका आमदारास, दोन हिंदी दैनिकांतील अशा मजकुराचा खर्च हिशेबात न दाखविल्याबद्दल तीन वर्षांसाठी अपात्र ठरविले. पैसे देणाऱ्याचे पद गेले. पैसे घेणाऱ्यांच्या अंकात दुसऱ्या दिवशीही 'बातमी' छापली गेली.

या प्रकारास मराठीत नाव काय? 'पेड न्यूज.' त्यापुढे आलेल्या दुसऱ्या प्रकारास? 'फेक न्यूज.' मराठीत शब्द नाहीत असे नव्हे. विकलेली बातमी आणि खोटी बातमी हे शब्द कोणासही कळतात. बातमी हा चांगला शब्द बाटू नये म्हणून वाईट गोष्टीस आम्ही परकी नावे ठेविली, असे कोणी समर्थन करील. आम्हांस ते पटत नाही. 'पेड न्यूज' म्हटले की तो एक तांत्रिक प्रश्न वाटतो, परिसंवादाचा विषय वाटतो. 'बातमी विकली' म्हटले की कोणी विकली, कोणास, केवढ्यास, असे प्रश्न पाठोपाठ येतात. मराठीत आपल्याकडे 'जाहिरात' हाही एक प्रामाणिक शब्द आहे; जे जाहीर केले ती जाहिरात. पैसे घेऊन छापलेली बातमी म्हणजे जाहीर न केलेली जाहिरात, इतके सोपे ते प्रकरण आहे.

'फेक न्यूज'ची कथा याहून विचित्र आहे. २०१६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी हा शब्द एका नेमक्या वस्तूसाठी वापरात आला. मॅसिडोनियातील वेलेस नावाच्या लहान गावातील काही तरुण, जाहिरातींच्या उत्पन्नासाठी, वृत्तस्थळांसारखी दिसणारी संकेतस्थळे उभारून त्यांवर रचलेल्या कथा प्रसिद्ध करीत होते. म्हणजे मुद्दाम, नफ्यासाठी, बातमीचे सोंग घेऊन केलेली बनावट. परंतु ११ जानेवारी २०१७ रोजी निवडून आलेल्या अध्यक्षांनी पत्रकार परिषदेत एका वृत्तवाहिनीच्या प्रतिनिधीस प्रश्न विचारू न देता हाच शब्द त्याच्या तोंडावर फेकला, आणि तेथून त्याचा अर्थ फिरला. जी बातमी सत्ताधाऱ्यास रुचत नाही ती 'फेक', असा तो झाला. त्याच वर्षी एका प्रसिद्ध इंग्रजी कोशाने त्यास वर्षाचा शब्द ठरविले. पुढच्या वर्षी ब्रिटिश संसदेच्या एका समितीने सरकारास सुचविले की, हा शब्द आता इतका अर्थहीन झाला आहे की तो वापरू नये. दोन वर्षांत शब्दाचे बालपण, तारुण्य आणि वार्धक्य आटोपले.

आपल्याकडे तो शब्द निराळ्या रूपाने, हातातील मोबाइलमधून आला, आणि त्याची किंमत माणसांनी दिली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, पाच माणसांस जमावाने ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेले भटके लोक होते. मुले पळविणारी टोळी आली आहे, असा संदेश त्या भागात फिरत होता. पळविलेले मूल कोठेच नव्हते. त्या दिवसांत देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या जनजागृतीच्या चित्रफितीचा तुकडा होती. मूल सुखरूप परत येते तो शेवटचा भाग कोणीतरी कापून टाकला होता. कोणीतरी. येथे 'केसरी'प्रमाणे अंकावर नाव नाही, पत्ता नाही. जो पाठवितो तो म्हणतो, 'मी फक्त फॉरवर्ड केले.' अरबीतील 'तोंडे' हा अर्थ इतका अक्षरशः पूर्वी कधी खरा झाला नसेल. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली.

असा प्रसंग घडल्यावर सरकारने काही करू नये असे कोण म्हणेल? प्रश्न काय करावे हा आहे. केंद्र सरकारने ६ एप्रिल २०२३ रोजी माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून, केंद्र सरकारच्या कारभाराविषयी बनावट, खोटी वा दिशाभूल करणारी माहिती कोणती, हे ठरविण्यासाठी एक तथ्यपडताळणी विभाग नेमण्याची तरतूद केली. दुरुस्ती राईनपाड्याच्या गरिबांविषयी नव्हती, हे ध्यानात घ्यावे. ती सरकारच्या स्वतःच्या कारभाराविषयी होती. मुंबई उच्च न्यायालयात तिला आव्हान दिले गेले. ३१ जानेवारी २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींचे मत विभागले. मार्चमध्ये सरकारने त्या विभागाची अधिसूचना काढताच दुसऱ्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरविली. बनावट, खोटे, दिशाभूल करणारे, हे शब्द नियमांत कोठेही स्पष्ट केलेले नाहीत, हे त्यांच्या निर्णयातील एक कारण होते. एका शब्दाचा अर्थ सांगितलेला नाही म्हणून कायदा पडावा, याचे आमच्यातील जुन्या मास्तरास विशेष समाधान वाटले, हे आम्ही लपवीत नाही.

आता पुन्हा त्या पोलिसी बातमीदाराकडे. त्याचे नाव कायदा झाकून ठेवतो. गुन्ह्याची बातमी कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात तसे कलम होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ते आहे. वृत्तपत्राच्या बातमीदारास मात्र आपला आधार सांगणाऱ्या माणसाचे नाव गुप्त ठेवण्याची कायदेशीर हमी १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्याने दिली आहे ती केवळ त्या कौन्सिलपुढील कामकाजापुरती. न्यायालयात किंवा पोलिसांपुढे तिचा उपयोग नाही. म्हणजे सरकारच्या कानी बातमी घालणारा सुरक्षित, आणि लोकांच्या कानी बातमी घालणारा ज्याच्या त्याच्या नशिबावर. बातमीचा खरा धनी दरबारच, ही जुनी समजूत आमच्या कायद्याच्या पुस्तकातून 'दर्पण'नंतर जवळजवळ दोनशे वर्षांनीही गेलेली नाही. पत्रकारदिनाच्या व्यासपीठांवर आज जे मंत्रिमहोदय बसतील त्यांस याविषयी विचारावे, असे आम्ही आमच्या व्यवसायबंधूंस सुचवितो. स्तंभाविषयीची वाक्ये त्यांस पाठ असतात. कलमाविषयी काय म्हणतात ते पाहावे.

सरकारकडे मागणी करताना घरचा हिशेबही मांडला पाहिजे. पैसे घेऊन छापलेल्या मजकुराच्या डोक्यावर 'प्रायोजित', 'विशेष उपक्रम', 'माध्यम सहकार्य' असे शब्द घालण्याची रीत अलीकडे सर्वत्र रूढ झाली आहे. वाचकास त्यांचा अर्थ लागू नये अशीच त्यांची रचना आहे. या पत्रात उद्याच्या अंकापासून अशा मजकुरावर 'जाहिरात' हा एकच शब्द येईल, आणि तो खालच्या मथळ्याहून लहान टंकात असणार नाही. आमच्या जाहिरात विभागाचे याविषयी म्हणणे निराळे आहे. ते आम्ही सविस्तर ऐकून घेतले आहे.